खेळ-स्पर्धांतील बक्षिसे व त्यांवरील कर

खेळ, शर्यत, सोरट, शब्दकोडे, पैज अथवा तत्सम स्पर्धेत जिंकलेली रोख रक्कम किंवा वस्तू हे जिंकणाऱ्याचे उत्पन्न समजून त्यावर आकारला जाणारा कर. स्पर्धा भरविणाऱ्यावर, प्रवेशमूल्यावर किंवा पैजेच्या एकूण रकमेवर बसविलेले करही याच विषयाच्या कक्षेत येतात. तथापि जिंकणाऱ्यावरचा कर आणि खेळ चालविणाऱ्यावरचा कर हे तत्त्वतः भिन्न आहेत. भारतीय संविधानाने पैजा व जुगार यांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविला आणि शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे ठेवला. त्यामुळे एकाच बक्षिसाकडे दोन शासने दोन दृष्टींनी पाहत आली आहेत. नांदेड व लातूर हे मराठवाड्यातील दोन जिल्हे या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहेत. धर्मशास्त्र, निजामी कायदा, द्विभाषिक मुंबई राज्याचे कायदे आणि केंद्रीय आयकर अशा चार व्यवस्था या प्रदेशावरून एकामागून एक गेल्या, आणि येथील यात्रांमध्ये बक्षिसाची प्रथा अद्याप जिवंत आहे.

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचा बाजार, लावणी व लोककलांचे कार्यक्रम, पशुप्रदर्शन आणि कुस्त्यांची दंगल ही या यात्रेची अंगे होत. पशुप्रदर्शनात कंधार परिसराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देवणी या गोवंशांच्या उत्तम जनावरांना बक्षिसे दिली जातात. लातूर शहरात महाशिवरात्रीस सिद्धेश्वराच्या यात्रेत असाच सोहळा असतो. गावोगावच्या दंगलींत हलगीच्या ठेक्यावर प्रथम लहान मुलांच्या नारळाच्या व रेवड्यांच्या कुस्त्या लागतात. मग काही रुपयांच्या, नंतर काही शेकड्यांच्या जोडी सुटतात, आणि अखेर गावकऱ्यांच्या वर्गणीतून किंवा एखाद्या दात्याच्या इनामातून मानाची कुस्ती होते. पहिलवान येथे स्वतःचे काही पणाला लावत नाही. हरला तरी त्याच्या खिशातून काही जात नाही. मग त्याला मिळालेले इनाम ही त्याच्या कसबाची कमाई, गावाने दिलेली भेट, की दैवाने हाती पडलेले धन? गावाला या प्रश्नाशी कर्तव्य नसते. कायद्याला मात्र उत्तर द्यावे लागते. कारण त्या उत्तरावरच पहिलवानास इनामाचा जवळजवळ तिसरा हिस्सा द्यावा लागेल की काहीच द्यावे लागणार नाही, हे ठरते.

धर्मशास्त्रातील विचार : जिंकलेल्या धनातून राज्याने वाटा घ्यावा, ही कल्पना भारतात प्राचीन आहे. मनूने द्यूताचा सर्वस्वी निषेध केला. परंतु कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून ठरावीक जागीच द्यूत खेळू द्यावे आणि जिंकलेल्या धनातून अध्यक्षाने शेकडा पाच घ्यावे, शिवाय फाशांचे भाडे, जागा व पाणी यांचे मूल्य वेगळे घ्यावे, असे सांगितले. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात द्यूतसमाह्वय हे स्वतंत्र प्रकरण आहे. शंभर वा अधिक जिंकणाऱ्याकडून सभिकाने म्हणजे द्यूतगृहाच्या चालकाने शेकडा पाच घ्यावे आणि त्याहून कमी जिंकणाऱ्याकडून शेकडा दहा घ्यावे, असा त्यातील दर आहे. लहान जिंकणाऱ्यावर दुप्पट भार टाकणारी ही रचना आधुनिक करविचाराच्या नेमकी उलट म्हणावी लागेल.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (१०७६–११२६) कल्याणी येथे लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते बीदर जिल्ह्यात असले, तरी लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. आजचा नांदेड-लातूरचा मुलूख त्या वेळी याच चालुक्यांच्या सत्तेखाली होता. वारसाहक्काच्या संदर्भात मिताक्षरेचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. तिच्यातील द्यूतविचाराकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. फासे, कवड्या इ. निर्जीव साधनांचा खेळ तो द्यूत आणि सजीवांची झुंज लावून केलेला खेळ तो समाह्वय, असा भेद धर्मशास्त्रकार करतात. समाह्वयाच्या उदाहरणांत कोंबडे, मेंढे व रेडे यांच्याबरोबर मल्लांचाही उल्लेख येतो. म्हणजे कुस्तीवरील पैजेतून राजाचा वाटा किती, हा प्रश्न नऊशे वर्षांपूर्वी या परिसरात शास्त्रचर्चेचा विषय होता. अर्थात तो पैजेवरचा वाटा होता. मल्लास राजाने किंवा ग्रामस्थांनी दिलेल्या पारितोषिकास हा नियम लागू नव्हता. हा भेद पुढे आधुनिक कायद्यात पुसट झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याज्ञवल्क्याचे आणखी दोन नियम येथे महत्त्वाचे ठरतात. सभिकाच्या समक्ष, उघडपणे आणि राजाचा वाटा देऊन खेळ झाला असेल, तर जिंकणाऱ्यास त्याचे धन राजाने मिळवून द्यावे. एरवी देऊ नये. दुसरे असे की द्यूत एकाच देखरेखीखाली चालवावे, कारण त्यामुळे चोर ओळखता येतात. कर घेणाऱ्या राज्यावर जिंकणाऱ्याच्या संरक्षणाची जबाबदारी येते, हा पहिल्या नियमाचा आशय होय. आधुनिक भारतीय राज्याने ही जबाबदारी स्वीकारलेली नाही. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाच्या ३० व्या कलमान्वये पैजेचा करार शून्य ठरतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. अपवाद फक्त घोड्यांच्या शर्यतीतील ५०० रु. वा त्याहून अधिक रकमेच्या पारितोषिकासाठी दिलेल्या वर्गणीचा. पैजेतील रक्कम वसूल करून देण्यास नकार देणारे राज्य ती रक्कम हाती आल्यावर तिच्यावर कर मात्र घेते. दुसऱ्या नियमातील चोर ओळखण्याचा हेतू मात्र १९७२ साली वेगळ्या वेषात पुन्हा अवतरला. त्याचा निर्देश पुढे येईल.

निजामी अंमल : नांदेड हा हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता, लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. संस्थानात १३०५ फसलीचा (१८९५–९६) जुगार अधिनियम लागू होता. त्याचा रोख करावर नसून बंदीवर होता. सार्वजनिक जुगारगृह चालविणे हा गुन्हा ठरवीत असतानाच केवळ कौशल्याच्या खेळांना मात्र त्याने वगळले होते. बक्षिसावर कर बसविण्यासाठी आधी उत्पन्नावर कर असावा लागतो. ब्रिटिश हिंदुस्थानात स्थिरावलेला आयकर निजामी राज्यात फार उशिरा, १३५७ फसलीच्या (१९४७–४८) अधिनियमाने आला. पाठोपाठ १३५८ फसलीत घोड्यांच्या शर्यती व त्यांवरील पैजांसाठी कराचे विनियम निघाले. त्यांचा संबंध राजधानीतील शर्यतींशी होता, नांदेड-लातूरकडील शेतकऱ्याशी नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ एप्रिल १९५० पासून भारतीय आयकर अधिनियम तेथे लागू झाला.

निजामी जुगार कायद्याचे सर्वांत दूरगामी फलित मात्र मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाल्यानंतर हाती आले. सिकंदराबाद येथील एका मनोरंजन मंडळात रमी खेळणाऱ्यांवर याच कायद्याखाली खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६७ मध्ये असा निर्णय दिला, की रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, पाने धरण्या-सोडण्यात बुद्धी लागते. म्हणून तीन पत्तीप्रमाणे तो निव्वळ दैवाचा खेळ नव्हे, प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. कौशल्य आणि दैव यांतील ही रेषा त्यानंतरच्या अनेक खटल्यांचा आधार ठरली. तिचा उगम एका संस्थानी कायद्याच्या अन्वयार्थात असावा, ही गोष्ट मराठवाड्याच्या वाचकास नवलाची वाटेल.

बक्षीस स्पर्धा व राज्याचा कर : मुंबई प्रांतात १९४८ साली सोरट व बक्षीस स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा अधिनियम संमत झाला. त्या काळी वृत्तपत्रीय शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. नाममात्र प्रवेशशुल्क, हजारोंची बक्षिसे आणि संयोजकाच्या पाकिटात बंद असलेले ‘योग्य’ उत्तर, असे त्यांचे स्वरूप असे. बंगळूर येथून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातील चामरबागवाला यांच्या कंपनीची कोडी मुंबई राज्यात फार खपत. बाहेर छापल्या जाणाऱ्या परंतु राज्यात खपणाऱ्या पत्रांतील स्पर्धांनाही कर लागू करण्यासाठी १९५२ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करण्यात आली, तेव्हा कंपनी न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयातील निकालाविरुद्ध राज्याने अपील केले. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी राज्याच्या बाजूने निर्णय दिला : स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची आहे, जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण त्यास नाही. मुख्य न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांच्या निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून मनू, याज्ञवल्क्य, कौटिल्य व बृहस्पती यांच्यापर्यंतचा परामर्श आहे. कौटिल्य हा व्यवहारी असल्याने राज्यास जुगारातून काही महसूल मिळण्यास त्याची हरकत नव्हती, असा मार्मिक शेराही त्यात आढळतो.

दरम्यान संसदेने १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धा अधिनियम केला व तो १ एप्रिल १९५६ पासून अमलात आला. ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून हा विषय संसदेकडे सोपविला, त्यांत हैदराबादही होते. त्यामुळे नांदेड-लातूर भागास तो राज्यपुनर्रचनेपूर्वीच लागू झाला. महिन्याकाठी एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धेस त्याने मनाई केली आणि त्याखालील स्पर्धेस परवाना व २,००० प्रवेशिकांची मर्यादा घातली. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला. विस्तारित राज्यासाठी १९५८ साली लॉटरी (नियंत्रण व कर) आणि बक्षीस स्पर्धा (कर) यांचा एकत्रित अधिनियम झाला. खाजगी सोरटास अशा रीतीने बांध घातल्यानंतर १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतःचीच राज्य लॉटरी सुरू केली. केरळने दोन वर्षे आधीच हा मार्ग दाखविला होता. महसूल आणि नीती यांतील ही ओढाताण प्राचीन असली, तरी राज्याने स्वतः सभिकाची जागा घेणे ही विसाव्या शतकातील नवलाई होय.

आयकर : १९२२ च्या आयकर अधिनियमात आकस्मिक आणि पुनःपुन्हा न येणारी प्राप्ती करमुक्त होती, १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १० (३) मध्येही हीच सवलत आली. तीमागील विचार असा, की उत्पन्न हे झाडाच्या फळासारखे कशाला तरी नियमाने येणारे असते. वाटेत सापडलेले नाणे हे फळ नव्हे. त्यामुळे १९७२ पर्यंत सोरटाचे लाख रुपये, शर्यतीतील ‘जॅकपॉट’ किंवा दंगलीचे इनाम यांना सामान्यतः आयकर लागत नसे.

ही सवलत गैरवापरामुळे गेली. कर न भरलेला पैसा ज्याच्याजवळ असे, तो खऱ्या विजेत्याकडून बक्षिसाचे तिकीट चढ्या किमतीस विकत घेई आणि बक्षीस आपल्या नावावर दाखवी. करमुक्त असल्यामुळे त्या रकमेचा खुलासा आपोआप होई. या व्यवहाराचे उत्तम दर्शन एका पुढील खटल्यात घडते. एका महिलेने १९७०–७२ च्या सुमारास बंगळूर, मद्रास व हैदराबाद येथील शर्यतींतून जॅकपॉट इ. प्रकारांत तीन लाखांहून अधिक रुपये जिंकल्याचे दाखविले होते. शर्यतींचे विशेष ज्ञान नसताना अल्पावधीत इतके जॅकपॉट लागणे मानवी संभाव्यतेस धरून नाही, आणि ही प्राप्ती करपात्र होताच बाईंनी शर्यती सोडल्या, या गोष्टी लक्षात घेऊन ही तिकिटे विकत घेतलेली असावीत, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केला. काळ्या पैशाचा विचार करणाऱ्या वांछू समितीचा अंतिम अहवाल डिसेंबर १९७१ मध्ये आला आणि १९७२ च्या वित्त अधिनियमाने उत्पन्नाच्या व्याख्येतच नवे उपकलम घातले. सोरट, शब्दकोडी, घोड्यांच्या व इतर शर्यती, पत्त्यांचे व अन्य कोणत्याही प्रकारचे खेळ, तसेच कोणत्याही स्वरूपाचा जुगार वा पैज यांतील जिंकलेले धन हे उत्पन्न ठरले. १,००० रुपयांपर्यंतची आकस्मिक प्राप्तीच तेवढी करमुक्त राहिली. द्यूत एकाच देखरेखीखाली आणून चोर ओळखावेत, हा याज्ञवल्क्याचा हेतू येथे स्पष्टपणे दिसतो.

‘अन्य कोणत्याही प्रकारचे खेळ’ या शब्दांनी मोठा बदल घडविला. फौजदारी कायद्यात कौशल्याचा खेळ सुटतो. संविधानातही कौशल्य आणि दैव यांतील भेदास महत्त्व आहे. आयकराने मात्र तो प्रश्न विचारणेच सोडून दिले. सिकंदराबादच्या रमीत जिंकलेला रुपया निर्दोष असला, तरी करमुक्त नाही. मटक्यातील रुपया बेकायदेशीर असला, तरी तोही करमुक्त नाही.

आरंभी जिंकलेल्या धनावर नेहमीच्या टप्प्यांनुसार कर बसे. त्या काळी उच्चतम दर फार चढे असल्याने सोरटाच्या बक्षिसास कलम ८०टीटी अन्वये काही वजावट मिळे. १९८६ च्या वित्त अधिनियमाने ही रचना मोडून कलम ११५बीबी आणले आणि सर्व जिंकलेल्या धनास ४० टक्के असा एकच दर लावला. २००१ मध्ये तो ३० टक्क्यांवर आला. आकस्मिक प्राप्तीची उरलीसुरली सवलतही २००२ च्या वित्त अधिनियमाने संपविली. ठोक दर सोपा असतो. परंतु त्यात आयकराचा मूळ न्याय, म्हणजे ज्याची ऐपत जास्त त्याचा दर जास्त, बाजूस राहतो. लातूर तालुक्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचे इतर काहीच करपात्र उत्पन्न नसले आणि त्यास लॉटरीत एक लाख रुपये लागले, तरी किमान उत्पन्नाची सूट त्या बक्षिसास मिळत नाही. उपकर धरून ३१,२०० रु. कर होतो. मुंबईतील कोट्यधीशाच्या लाखावरील मूळ दरही ३० टक्केच. वर्षभर घेतलेल्या न लागलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. दहा हजारांपर्यंतच्या बक्षिसातून कर कापला जात नाही, म्हणून ते करमुक्त आहे, असा एक समज सार्वत्रिक आढळतो. तो चुकीचा आहे. ती मर्यादा केवळ कर कापून घेण्याची आहे. दायित्व पहिल्या रुपयापासून असते.

जुलै २००० मध्ये दूरचित्रवाणीवर ‘कौन बनेगा करोडपती’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे एक कोटीचे पहिले विजेते ठरले. ज्ञानाची परीक्षा हा ‘खेळ’ आहे काय, अशी शंका पुढे राहू नये म्हणून २००१ च्या वित्त अधिनियमाने दूरचित्रवाणीवरील अशा स्पर्धात्मक कार्यक्रमांचा ‘अन्य खेळां’त स्पष्ट समावेश केला, आणि ‘लॉटरी’ या शब्दात दुकानदारांच्या सोडतीसारख्या योजनाही आणल्या. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शाळेत मुलांसाठी खिचडी शिजविणाऱ्या एका महिलेने याच कार्यक्रमात एक कोटी जिंकले. त्या वर्षीच्या दराने एक कोटीवर अधिभार व उपकर धरून ३४,३२,००० रु. कर होतो. त्यातील ३० लाख बक्षीस देतानाच कापले जातात. उरलेले विजेत्याने स्वतः भरावयाचे असतात.

त्यानंतरचे बदल मुख्यतः संगणकीय खेळांविषयी आहेत. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर वेगळ्या कलमाने ३० टक्के कर आला व त्यात कपातीची किमान मर्यादा ठेवली नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा अधिनियमच संमत केला. १ एप्रिल २०२६ हा अंमलाचा दिनांक ठरविलेल्या नव्या आयकर अधिनियमातही जिंकलेल्या धनाचा ३० टक्के दर कायम ठेवण्यात आला आहे.

कसबाचे इनाम : पहिलवानाच्या इनामाचा प्रश्न मात्र या बदलांनी सुटलेला नाही. याबाबत १९७३ च्या एका अखिल भारतीय मोटार-रॅलीचा खटला मार्गदर्शक आहे. तीत प्रथम आलेल्या चालकास २२,००० रु. मिळाले. हे पैजेतील धन नव्हे, कौशल्य व चिकाटी यांचे पारितोषिक आहे, म्हणून ते करपात्र नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि मद्रास उच्च न्यायालयाने ते मानले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हा निकाल फिरविला. उत्पन्नाची व्याख्या समावेशक आहे. पारितोषिक ‘जिंकलेल्या धना’च्या उपकलमात बसो वा न बसो, साध्या अर्थाने ते उत्पन्नच आहे, असा निर्णय झाला. त्यातून करपात्रता निश्चित झाली. दर मात्र निश्चित झाला नाही. इनाम ‘कोणत्याही प्रकारच्या खेळा’तील जिंकलेले धन मानले, तर सरसकट ३० टक्के लागू होतात आणि खर्चाची वजावट नाही. ते कसबाचे साधे उत्पन्न मानले, तर नेहमीचे टप्पे लागतात, आणि बहुतेक ग्रामीण मल्लांचे वार्षिक उत्पन्न करपात्र मर्यादेखालीच राहते. मल्लाचा तो व्यवसायच मानला, तर प्रवास व प्रशिक्षण यांचा खर्चही मागता येतो. दूध-तूप-बदामांचा खुराक व्यवसायखर्चात घालावा की पोटखर्चात, हा वाद तेव्हा रंगेल. १९७२ च्या तरतुदीचा हेतू पैज व सोरट यांतील काळा पैसा रोखणे हा होता. ज्याने काहीच पणाला लावले नाही, त्या मल्लास त्याच मापाने मोजणे त्या हेतूशी जुळत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र कलमाचे शब्द व्यापक आहेत आणि संयोजक सहसा सावधपणे कर कापण्याकडेच झुकतो.

हौशी खेळाडूंना एके काळी मोठा दिलासा होता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २२ जानेवारी १९८६ च्या परिपत्रकान्वये व्यावसायिक नसलेल्या खेळाडूस मिळालेला पुरस्कार ही वैयक्तिक स्वरूपाची भेट मानून तो करमुक्त ठरविला होता. नीलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथील ‘रुस्तुम-ए-हिंद’ हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखे मल्ल राष्ट्रकुल स्पर्धेच्या गादीवर हौशी म्हणून उतरत आणि मातीच्या दंगलींत इनामाच्या कुस्त्याही खेळत. त्यांच्या बाबतीत हौशी कोठे संपतो व व्यावसायिक कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण. पुढे २००४ च्या कायद्याने नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून मिळालेल्या मोठ्या रोख भेटी करपात्र केल्या, तेव्हा या परिपत्रकाचा पायाच गेला. २० जानेवारी २०१४ च्या परिपत्रकाने मंडळाने १ एप्रिल २००५ पासून जुनी सवलत लागू नसल्याचे स्पष्ट केले. केंद्र वा राज्य शासनाने सार्वजनिक हितार्थ दिलेल्या किंवा केंद्राने मान्य केलेल्या पुरस्कारांची सूट तेवढी शिल्लक राहिली.

माळेगावच्या यात्रेचे संयोजन जिल्हा परिषद करते. जिल्हा परिषद म्हणजे राज्य शासन नव्हे, म्हणून पुरस्काराची सूट तिच्या बक्षिसास आपोआप मिळत नाही. परंतु ती स्थानिक प्राधिकरण आहे, आणि स्थानिक प्राधिकरणाकडून मिळालेली भेट ही भेटींवरील करातून वगळलेली आहे. त्यामुळे लाल कंधारी वळूच्या मालकास मिळालेले बक्षीस भेट मानले, तर कर नाही; स्पर्धेचे पारितोषिक मानले, तर आहे. शेती-उत्पन्नाची करमुक्तताही येथे उपयोगी पडत नाही, कारण प्रदर्शनात वळू पहिला येणे हे जमिनीचे उत्पन्न नव्हे.

अलीकडे मोठ्या दंगलींत व शंकरपटांत रोख रकमेऐवजी वाहने देण्याचा प्रघात वाढला आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या विजेत्यास पाच लाख रुपयांबरोबर चारचाकी वाहन देण्यात आले. वस्तुरूप बक्षिसातून कर कापता येत नाही. म्हणून जेथे ३० टक्क्यांची कपात लागू होते, तेथे बक्षीस हाती देण्यापूर्वी त्याच्या मूल्यावरील कर भरला गेल्याची खात्री संयोजकाने करून घेतली पाहिजे, असा नियम आहे. हा कर विजेत्याने पदरचा भरावा किंवा संयोजकाने आपल्याकडून भरावा. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या यात्रा-समितीने बुलेट वा ट्रॅक्टर जाहीर करताना ही रक्कम हिशेबात धरली नसेल, तर ती अखेर मल्लाकडून किंवा बैलाच्या मालकाकडून येते. आणि त्याच्याजवळ रोकड नसेल, तर जिंकलेले वाहन विकून.